नळीच्या तोंडाशी : पॉइंट टू-टू पिस्तुलाच्या मझलची निगा

शूटिंग क्लबात नाव नोंदवलेल्या कॅडेटला पहिल्या दिवशी पिस्तूल मिळत नाही, नियम मिळतो. नळीच्या तोंडासमोर स्वतःचा हात नको आणि दुसरा माणूसही नको. पिस्तूल भरलेले असो की रिकामे, नियम तोच.

या नियमामुळे आपण कायम पिस्तुलाच्या मागे असतो. मागून नेम धरतो, मागून मॅगझिन घालतो, साफसफाईही मागूनच करतो. चेंबर चकचकीत, स्लाइड चकचकीत, पण अगदी पुढे मझलवर बसवलेले वजन किंवा कॉम्पेन्सेटर महिनोन्‌महिने कोणी उघडून पाहत नाही. गोळी पिस्तुलाला सोडून जाते ती मात्र तिथूनच. हा लेख त्या तीन-चार सेंटिमीटरांबद्दल आहे. आपल्या क्लबात यंदा ज्युनियर कॅडेट्सची संख्या वाढली आहे आणि हे काम लवकरच त्यांच्या हाती येणार आहे, म्हणून सगळे एका ठिकाणी लिहून काढले.

मझलवर काय बसते?

टार्गेट पिस्तुलाच्या तोंडाशी सहसा तीनपैकी एक गोष्ट असते.

पहिली म्हणजे वजन. हा पोलादाचा किंवा ॲल्युमिनियमचा तुकडा असतो आणि तो नळीच्या टोकाला किंवा टोकाखाली बसतो. त्याचा उपयोग समजून घ्यायला क्रिकेटची बॅट घ्या. मुठीकडून धरून मनगटाने झटकन वळवून पाहा. मग उलटी करून पात्याकडून धरा आणि पुन्हा वळवा. बॅट तीच, वजन तेच, पण पहिल्या वेळी ती सहज वळत नाही, कारण तिचा भार हातापासून लांब आहे. पिस्तुलाच्या टोकाचे वजन हेच करते. हाताची बारीक थरथर मझलपर्यंत पोचेस्तोवर मंदावते आणि गोळी सुटल्यावर नळी कमी उसळते.

दुसरी म्हणजे कॉम्पेन्सेटर. त्याला वरच्या बाजूने खाचा किंवा भोके असतात. गोळीमागून येणारा गरम वायू त्यांतून वर निसटतो आणि मझलला खाली दाबतो. पॉइंट टू-टू काडतुसात दारू अगदी थोडी असते, त्यामुळे हा दाबही बेताचाच. कॉम्पेन्सेटरचा बराचसा फायदा त्याच्या वजनाचाच असतो.

तिसरी म्हणजे आट्यांवरची टोपी. वजन किंवा कॉम्पेन्सेटर काढून ठेवला असेल, तर नळीचे आटे ठेचू नयेत म्हणून त्यांवर एक छोटी कडी फिरवून बसवतात. ती हरवली की आट्यांचे दिवस भरले असे समजावे.

स्पर्धेला जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवायचे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार 25 मीटर प्रकारातले पिस्तूल सर्व जोडण्यांसह 1400 ग्रॅमच्या आत असावे लागते आणि 300 × 150 × 50 मिलिमीटरच्या पेटीत मावावे लागते. कॉम्पेन्सेटर कोणत्या स्पर्धेत चालतो आणि कोणत्या नाही, हे कोचना आधी विचारून घ्यावे. उपकरण तपासणीच्या टेबलावर विचारून उपयोग नसतो.

घाण येते कुठून?

पॉइंट टू-टू हे रिमफायर काडतूस आहे. मोठ्या काडतुसाच्या बुडाशी मधोमध वेगळी टोपी असते, तशी याला नसते. पेट घेणारे रसायन बुडाच्या कडेच्या पोकळ वळ्यात पसरलेले असते आणि फायरिंग पिन त्या कडेवरच आपटते. या रसायनात बहुतेक वेळा शिशाचे संयुग असते. शिवाय टार्गेटसाठीची गोळी साध्या शिशाची असते, वर तांब्याचे आवरण नाही. नळीत ती घासू नये म्हणून तिच्यावर मेणासारखे वंगण लावलेले असते.

म्हणजे प्रत्येक शॉटला नळीच्या तोंडातून चार गोष्टी बाहेर पडतात : जळालेल्या दारूची काजळी, वितळलेले मेण, रसायनाची राख आणि शिशाचे कण. नळी उघडी असेल तर त्यातले बरेचसे हवेत जाते. पुढे कॉम्पेन्सेटर असेल तर हा गरम वायू त्याच्या आतल्या भिंतीवर आदळतो, थंड होतो आणि शिसे तिथेच धरते. त्यावर मेण, मेणावर काजळी, त्यावर पुन्हा शिसे. चहाच्या पातेल्याला कीटण धरते तसेच, फक्त हे कीटण राखाडी आणि दगडासारखे कठीण असते. सर्वांत जाड थर पहिल्या भिंतीवर आणि गोळी बाहेर पडते त्या भोकाच्या काठावर सापडतो.

एवढ्याने काय बिघडते?

गोळीचा व्यास सुमारे 5.7 मिलिमीटर. कॉम्पेन्सेटरचे भोक त्याहून थोडेच मोठे असते. शिशाची खपली एका बाजूने वाढली तर तिथून निघणारा वायू गोळीच्या बुडाला सारखा दाब देत नाही. खपली आणखी वाढली तर गोळी तिला घासून जाते. मग चांगल्या ग्रुपमधून एखादा शॉट उगाच बाहेर पडतो आणि नेमबाज स्वतःच्या ट्रिगरला दोष देत बसतो.

जोडणी सैल झाली तर त्याहून वाईट. काही पिस्तुलांत पुढची साइटच मझलवरच्या जोडणीवर बसवलेली असते. आता थोडे गणित करू. दोन्ही साइट्समधले अंतर जास्तीत जास्त 220 मिलिमीटर असू शकते. तेवढे अंतर धरले आणि पुढची साइट 0.22 मिलिमीटर सरकली, तर कोन हजारात एक इतका बदलतो. 25 मीटरवर हजारात एक म्हणजे 25 मिलिमीटर. प्रिसिजन टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास 50 मिलिमीटर आहे, म्हणजे मध्यापासून काठ 25 मिलिमीटरवर. वहीच्या दोन-तीन पानांच्या जाडीइतका ढिलेपणा, आणि मधोमध जाणारी गोळी दहाच्या काठावर!

स्पर्धेत पिस्तूल चाललेच नाही तर नियमांत त्यासाठी तरतूद आहे. वजन सैल होते म्हणून शॉट भरकटला, याला तरतूद नाही. गोळी सुटली की शॉट मोजला जातो. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तूलमध्ये सुवर्णपदक मिळवले. सुभेदार विजय कुमार यांनी 2012 मध्ये लंडनला 25 मीटर रॅपिड फायरमध्ये रौप्यपदक मिळवले. रॅपिड फायरच्या सर्वांत कठीण सिरीजमध्ये पाच टार्गेटवर पाच गोळ्या चार सेकंदांत मारायच्या असतात. त्या चार सेकंदांत वजन घट्ट आहे ना, असा विचार मनात येऊन चालत नाही. त्या प्रश्नाचे उत्तर आदल्या दिवशीच मिळालेले असावे लागते.

हात लावण्याआधी

आता मुख्य मुद्दा. पिस्तुलाच्या सगळ्या कामांत मझलची सफाई हे असे काम आहे, की त्यात आपली बोटे नळीच्या तोंडासमोर येतात. ज्या नियमाने आपण सुरुवात केली, तोच इथे बाजूला ठेवावा लागतो. म्हणून त्याची जागा दुसऱ्या नियमाने भरायची : पिस्तूल रिकामे आहे हे दोन माणसांनी, दोनदा, वेगवेगळे तपासल्याशिवाय पुढच्या टोकाला बोट लागणार नाही.

आमचा क्रम असा आहे :

1. काडतुसे त्या टेबलावर तर नाहीतच, त्या खोलीतही नाहीत.
2. मॅगझिन बाहेर. मॅगझिन आधी आणि स्लाइड नंतर. क्रम उलटा केला तर स्लाइड परत जाताना मॅगझिनमधली गोळी चेंबरमध्ये चढते.
3. स्लाइड मागे ओढून अडकवायची. चेंबर डोळ्यांनी पाहायचा आणि करंगळीने चाचपायचा.
4. शेजारच्या कॅडेटने परेडवरच्या ‘जाँच शस्त्र’सारखे स्वतः पाहून मोठ्याने ‘खाली’ म्हणायचे. मान हलवलेली चालत नाही.
5. मागच्या बाजूने नारिंगी सेफ्टी फ्लॅग नळीत घालायचा, त्याचे टोक मझलमधून बाहेर आलेले दिसले पाहिजे. नळीत दोरा सारताना फ्लॅग काढावा लागतो, तेवढ्या वेळात स्लाइड उघडीच राहते.

आमचे आर्मरर हवालदार साहेब एक गोष्ट नेहमी सांगतात : कोतमधून पिस्तूल घेताना तपासले, म्हणून टेबलावर बसल्यावर तपासायचे राहिले, असे चालणार नाही. पिस्तूल हातातून खाली ठेवले आणि पुन्हा उचलले, की पहिल्यापासून तपासायचे.

सफाई

कोत म्हणजे शस्त्रागार हे नव्या कॅडेट्सना एव्हाना कळलेच असेल. तिथे आणखी दोन शब्द कानावर पडतील. चिंदी आपल्या मराठीतलीच, कापडाचा तुकडा. फुलतरू मात्र फुलांचे झाड नव्हे! इंग्रजी ‘पुल थ्रू’ फौजेत पिढ्यान्‌पिढ्या असाच उच्चारला जातो. एका टोकाला वजन आणि दुसऱ्या टोकाला चिंदीसाठी फास असलेली ती दोरी.

आधी जोडणी काढायची, नळी नंतर. जोडणी जागेवर ठेवून नळीतून चिंदी ओढली तर नळीची सगळी घाण कॉम्पेन्सेटरमध्ये जाऊन बसते.

काढण्याआधी बाहेरून नीट पाहा. पुढच्या तोंडावर काजळीची नक्षी असते. ती सगळीकडे सारखी असेल तर वायू सारखा निघतो आहे. एकाच बाजूला गडद असेल किंवा भोकाच्या एका काठावर शिशाची चकचकीत रेघ असेल, तर गोळी घासते आहे. अशा वेळी सफाई थांबवून आर्मररना दाखवायचे. पुसून टाकले की खूणच नाहीशी होते.

मग ग्रब स्क्रू ॲलन कीने सैल करा. ॲलन की बरोबर मापाची हवी, नाहीतर स्क्रूचे षट्कोनी भोक गोल होते आणि तो कायमचा अडकतो. जोडणी हाताने फिरवून काढा. काही पिस्तुलांचे आटे उलटे असतात, म्हणून जोर लावण्याआधी दिशा विचारून घ्या. अडकलीच तर आट्यांवर तेलाचा थेंब सोडून रात्रभर ठेवा. नळी पकडायची झाली तर लाकडाच्या किंवा चामड्याच्या तुकड्यांत पकडतात. पकड थेट नळीवर लावायची नाही आणि पिस्तुलाची मूठ धरून पीळ द्यायचा नाही.

सुटलेल्या जोडणीच्या आत सॉल्व्हंट सोडून पंधरा-वीस मिनिटे थांबा. तांबे काढणारे उग्र वासाचे सॉल्व्हंट इथे लागत नाही, कारण गोळीवर तांबेच नाही. मेण आणि काजळी मऊ झाली की खालचे शिसे सुटू लागते. ते पितळी ब्रशने किंवा बांबूच्या काडीने उकरावे. स्क्रूड्रायव्हर वापरू नये. पोलादाचा ओरखडा पडला की पुढचे शिसे त्याच ओरखड्यात घट्ट धरते. जोडणी ॲल्युमिनियमची असेल तर ब्रशही हलका हवा.

सगळे शिसे काढून आतून आरसा करायची गरज नाही. भोकाचा काठ मोकळा, भिंतीवर जाड खपली नाही आणि आटे स्वच्छ, एवढे पुरे.

त्यानंतर नळीच्या तोंडाची कड. तिला क्राउन म्हणतात. गोळी नळीला शेवटचा स्पर्श करते तो इथेच. या कडेला बारीकशी ठेच लागली तरी वायू त्या बाजूने आधी निसटतो आणि गोळी कलते. म्हणून तिथे ब्रशही नको आणि सळईही नको, फक्त ओली मऊ चिंदी. नळी साफ करताना फुलतरू मागून पुढे ओढायची आणि दोरी कडेला घासणार नाही अशी सरळ धरायची.

शिशाशी गाठ

पिस्तुलाच्या निगेपेक्षाही हा भाग महत्त्वाचा आहे. शिसे विषारी आहे. रक्तात ते किती असले तर चालते, याची सुरक्षित पातळी ठाऊक नाही असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि वाढत्या वयात ते जास्त बाधते. आपण सगळे वाढत्या वयाचेच आहोत. शिवाय मेसमध्ये पोळी हाताने खातो.

म्हणून :

- कोरडे शिसे कधीही घासू नये. आधी ओले करावे, म्हणजे धूळ उडत नाही. फुंकर मारून साफ करणे तर नाहीच.
- हातमोजे घालावेत. काम चालू असताना तोंडाला, डोळ्यांना हात नाही, पाण्याची बाटलीही टेबलावर नाही.
- वापरलेल्या चिंध्या झाकणाच्या वेगळ्या डब्यात. त्या धुऊन डॉर्मिटरीत वाळत घालायच्या नाहीत.
- शेवटी साबणाने हात धुवावेत, नखांतूनही. मगच मेस.

एक घरगुती कृती पुष्कळांच्या कानावर आली असेल : व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र करून त्यात जोडणी बुडवून ठेवायची, शिसे आपोआप विरघळते. विरघळते हे खरे. पण विरघळून होते काय, तर लेड ॲसिटेट. हे संयुग पाण्यात मिसळते आणि त्वचेतूनही शरीरात जाऊ शकते. त्याची चव गोड, म्हणून जुन्या काळी त्याला शिशाची साखर म्हणत. जे विष घट्ट खपलीच्या रूपात एका जागी पडून होते, ते आपण स्वतः पातळ करून भांड्यात भरतो. ते ओतायचे कुठे? बेसिनमध्ये ओतले तर पाण्यात, बागेत ओतले तर मातीत. त्यातून ॲल्युमिनियमची जोडणी खराब होते आणि पोलादावरचा काळा-निळा थर निघतो, ते वेगळेच. आपल्या कोतमध्ये ही कृती बंद आहे आणि बंदच असावी. दहा मिनिटांचे उकरणे वाचवण्यासाठी एवढी किंमत मोजायचे कारण नाही.

परत बसवताना

आटे कोरडे पुसून तेलाचा अगदी पातळ हात फिरवा. पोलादी नळीवर ॲल्युमिनियमची जोडणी असेल तर हे विसरू नका. दोन वेगळे धातू ओलाव्यात एकत्र राहिले की सांध्यात क्षरण सुरू होते, आणि पावसाळ्यानंतर जोडणी निघता निघत नाही. पण तेल जास्त झाले तर ते नळीत उतरते आणि पहिल्या गोळ्या भलतीकडे जातात.

जोडणी हाताने शेवटपर्यंत फिरवा. ती नळीच्या खांद्याला सपाट टेकली पाहिजे. मग ग्रब स्क्रू आवळा, पण हिसका न देता. पातळ नळीवर स्क्रू फार आवळला तर आतला मार्गही दबू शकतो. जोडणी आणि नळी यांवर मिळून पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवा. पुढच्या वेळी रेघेचे दोन तुकडे समोरासमोर नसले, तर जोडणी फिरली आहे हे नुसत्या नजरेने कळते. सरावाच्या मध्येही स्लाइड उघडी असताना ही रेघ मागून पाहता येते, पुढे जावे लागत नाही.

भोक सरळ रेषेत आहे का, हे तपासायलाही डोळा मझलला लावायचा नाही. समोर पांढरा कागद ठेवा, स्लाइड उघडी ठेवून चेंबरच्या बाजूने नळीतून पाहा. नळीचे वर्तुळ आणि जोडणीचे वर्तुळ एकात एक, मधोमध दिसले पाहिजे. ज्या पिस्तुलात मागून पाहता येत नाही, त्यात हे काम आर्मररचे.

जोडणी काढून बसवली की साइट पुन्हा जुळवावी लागेल असे गृहीत धरा. तीच जोडणी, तीच जागा, तरी गोळी थोडी सरकू शकते. शिवाय स्वच्छ नळीत मेणाचा थर पुन्हा बसायला काही गोळ्या जातात. म्हणून स्पर्धेच्या सकाळी मझलला हात लावायचा नाही. हे काम निदान एक सराव आधी झालेले असावे.

नोंद

प्रत्येक पिस्तुलाची एक वही आहे. आमच्या क्लबात जोडणी दर 500 शॉट्सनी उघडतात. एका सरावाला 60 शॉट्स धरले तर साधारण आठ सराव होतात. वहीत चार रकाने भरायचे : तारीख, एकूण शॉट्स, काय दिसले आणि ‘खाली’ कोणी म्हटले त्याचे नाव. शेवटचा रकाना नव्या कॅडेट्सना विचित्र वाटतो. पण दुसऱ्याची बोटे ज्याच्या शब्दावर नळीसमोर गेली, त्याचे नाव तिथे असायलाच हवे.

ही पिस्तुले आपल्या मालकीची नाहीत. आपण बारावीनंतर जाऊ, पिस्तुले कोतमध्ये राहतील आणि पुढची तुकडी त्यांच्यावर शिकेल. त्यांना वहीतल्या नोंदी सलग मिळाल्या, तर कुठल्या पिस्तुलाला काय लागते हे पहिल्याच दिवशी कळेल. तेव्हा सफाई झाल्यावर आधी हात धुवा आणि मग वही लिहा, म्हणजे शिसे वहीलाही लागणार नाही.